चांद्याचा परकोट व लालपेठचें अपुरें देवालय

इतिहासाच्या साधनांत आरंभाचे उल्लेख पुष्कळ सांपडतात, सांगतेचे फार थोडे. नगर कोणीं वसविलें, देवालयाचा पाया कोणीं घातला, घराण्याचा मूळ पुरुष कोण, हें दंतकथा, बखरी व कैफियती मोठ्या आवडीनें सांगतात. तें काम पुरें कोणीं केलें असें विचारूं गेल्यास बहुधा एक ओळ हातीं लागते, आणि पुष्कळदां तीही लागत नाहीं. वास्तविक नवी कल्पना सुचणें ही जितकी योग्यतेची गोष्ट आहे, तितकीच ती शेवटास नेणें ही आहे. किंबहुना दुसरी अधिक दुर्मिळ आहे. या प्रश्नाचा विचार करण्यास चांदा-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाइतकें सोयीचें स्थळ क्वचित् असेल. कारण तेथें एकाच नगरालगत एक पूर्णत्वास गेलेलें व एक अपुरें राहिलेलें अशीं दोन मोठीं कामें आजही पाहावयास मिळतात. पहिलें म्हणजे चंद्रपूरचा परकोट. दुसरें म्हणजे लालपेठेंतील प्रचंड मूर्तींचा समूह. दोहोंची तुलना करून, एक सिद्धीस कां गेलें व दुसरें कां गेलें नाहीं, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम साधनांविषयीं दोन शब्द. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा झाला. त्यापूर्वीं तो मुलूख चांदा जिल्ह्यांतच मोडत असे; म्हणून जुन्या लेखांत जेथें ‘चांदा’ म्हटलें आहे, तेथें वैनगंगेपलीकडील वैरागडासारखीं स्थळेंही त्यांत धरलीं पाहिजेत. येथील गोंड राजांची परंपरा सविस्तर लिहून काढण्याचें श्रेय मेजर लुसी स्मिथ याच्या १८६९ सालच्या जमाबंदीच्या अहवालास आहे. पुढील बहुतेक लेखकांची मदार त्यावरच आहे. प्रचलित यादींत खांडक्या बल्लाळशहास १४७० ते १४९५, हीरशहास १४९५ ते १५२१, भूमा व लोकबा यांच्या जोडकारकिर्दीस १५२१ ते १५४२, कर्णशहास १५४२ ते १५७२, बाबाजी बल्लाळशहास १५७२ ते १५९७ आणि धुंड्या रामशहास १५९७ ते १६२२ असे काळ दिलेले आढळतात. या सहा कारकिर्दींपैकीं तीन नेमक्या पंचवीस पंचवीस वर्षांच्या भरतात, ही गोष्ट चिकित्सक वाचकाच्या नजरेंतून सुटणार नाहीं. असे आंकडे दप्तरांतून उतरलेले नसून सरासरीनें बसविलेले असण्याचा संभव अधिक. सबब त्यांचा उपयोग क्रम समजण्यापुरताच करावा, वर्षाचा हट्ट धरूं नये.

तथापि या यादीस बाहेरचा एक भक्कम आधार आहे. आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत चांद्याच्या ‘बाबजी’ नामक गोंड जमीनदाराचा उल्लेख आला असून, त्याच्या पदरीं एक हजार स्वार व चाळीस हजार पायदळ होतें असें अबुल फजल लिहितो. वैरागड येथें हिऱ्यांची खाण आहे व तें स्थळ या राजानें थोड्याच काळापूर्वीं दुसऱ्या एका जमीनदारापासून घेतलें, असेंही तो नमूद करितो. सोळाव्या शतकाच्या अखेरीचा हा समकालीन लेख यादींतील बाबाजी बल्लाळशहाशीं बरोबर जुळतो. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यांत आहे. तेव्हां यादीचा शेवटचा भाग तरी पायावर उभा आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां मूळ कथेकडे वळूं. गोंड राजांची जुनी राजधानी शिरपूर ही होती. हें गांव वर्धा नदीपलीकडे, सध्यांच्या तेलंगणांत आहे. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर खांडकें होतीं, त्यावरूनच त्यास हें नांव पडलें असें म्हणतात. राणीच्या सल्ल्यानें त्यानें शिरपूर सोडिलें व वर्धेच्या पूर्वतीरीं बल्लारपूरचा किल्ला बांधून तेथें राहिला. पुढें शिकारीस गेला असतां झरपट नदीच्या पात्रांतील डबक्याच्या पाण्यानें त्याचीं खांडकें बरीं झालीं. तेंच अचलेश्वराचें स्थान. नंतर एके दिवशीं त्याच परिसरांत त्यानें एक चमत्कार पाहिला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याच्या पाठीस लागला होता. ससा कुत्र्यास गिरक्या घालीत, वळणें घेत पळवीत राहिला. राजानें ही हकीकत राणीस सांगितली, तेव्हां तिनें हा शुभशकुन मानून ज्या मार्गानें तीं जनावरें धांवलीं त्याच मार्गानें कोट आंखून नगर वसवावें, असें सुचविलें. आंखणीचें काम तेल ठाकूर नांवाच्या कारागिरानें केलें, असें परंपरा सांगते.

सशानें कुत्र्यावर चाल केल्याची कथा चांद्याचीच नव्हे. विजयनगर व अहमदाबाद या नगरांच्या स्थापनेसही हीच कथा जोडलेली आहे. तेव्हां ती घडलेली गोष्ट म्हणून कोणी पुढें करूं लागल्यास संशोधकानें मान हलवावी, हें योग्यच आहे. पण कथा खोटी ठरली म्हणजे ती निरुपयोगी ठरली, असें नाहीं. तिनें काय केलें, हा प्रश्न शिल्लक राहतोच; त्याकडे पुढें वळूं. तत्पूर्वीं या कल्पनेंत नवें काय होतें, तें पाहिलें पाहिजे.

या घराण्याचा पूर्वींचा रिवाज स्थलांतराचा होता. शिरपूर झालें, बल्लारपूर झालें, आतां चांदा. ज्या कुळानें एकाच पुरुषाच्या हयातींत दोनदां ठाणें हालविलें, त्यानें तिसऱ्यांदा हालविलें असतें तर कोणास नवल वाटलें नसतें. दुसरें असें कीं, अरण्यांतील किल्ला म्हटला म्हणजे राजा, त्याचा कबिला व शिबंदी यांच्यापुरती कोंडलेली जागा. बल्लारपूरचा नदीकांठचा किल्ला याच जातीचा आहे. चांद्याचा परकोट तसा नाहीं. त्याचा घेर सुमारें ११ किलोमीटरांचा, म्हणजे जुन्या मोजणीनें सात मैलांच्या आसपास आहे. भिंतीची उंची सामान्यतः पंधरा ते वीस फूट. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अचलेश्वर अशा चार वेशी; आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसण अशा पांच खिडक्या. वेशींवर हत्तीस नमविणाऱ्या सिंहाचें राजचिन्ह कोरलेलें दिसतें. एवढ्या घेराच्या आंत एकोणिसाव्या शतकांतही वस्तीबरोबर शेतें व मोकळ्या जागा होत्या, असें इंग्रजी गॅझेटियरांत वर्णन आहे. म्हणजे ही भिंत असलेल्या नगरास घातलेली नव्हती. पुढें होणाऱ्या नगरास घातलेली होती. झाडीच्या मुलखांत, इरई व झरपट यांच्या संगमावर, रयतेसह व शेतीसह एक अख्खें गांव दगडानें वेढून ‘येथून आतां हालावयाचें नाहीं’ असें ठरविणें, हीच ती नवी कल्पना होय.

आतां ती तडीस कशी गेली, तें पाहूं. खांडक्या बल्लाळशहाच्या हयातींत पाया व वेशींची आंखणी यापलीकडे फारसें झालें नसावें. हीरशहानें वेशी पुऱ्या करून राजवाड्याचा कोट उठविला, असें परंपरा सांगते. परंतु त्याची खरी कामगिरी भिंतीबाहेरची आहे. जो अरण्य तोडून गांव वसवील त्यास त्या गांवचा अधिकार, आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याखालीं भिजणारी जमीन, असा कौल त्यानें दिल्याचें सांगतात. वैनगंगेच्या दोहों बाजूंस आज जे शेंकडों लहानमोठे तलाव आहेत व ज्यांवर तेथील धानाची शेती चालते, ते एकाच राजाच्या काळचे नव्हत. तथापि त्या पद्धतीचें मूळ या गोंडी कौलांत आहे, ही समजूत सर्वत्र दृढ आहे. भिंतीचा व तलावांचा संबंध वरवर पाहणारास दिसत नाहीं. पण गवंडी व पाथरवट यांस पोटास घालावयाचें तर धान पिकलें पाहिजे, आणि धान पिकावयाचें तर पाणी अडविलें पाहिजे. हीरशहानें वडिलांची भिंत पुढें नेण्याचा सर्वांत लांबचा, पण सर्वांत खात्रीचा मार्ग धरिला, असें माझें अनुमान आहे.

पुढें भूमा व लोकबा, कर्णशहा, बाबाजी बल्लाळशहा असे राजे होऊन गेले. कर्णशहाची ख्याति देवळें बांधणारा व न्यायी राजा अशी आहे. बाबाजीचें बळ आईनकारानें नोंदविलेंच आहे. या प्रत्येकास स्वतःचें असें कांहीं करावयाचें होतें व तें त्यांनीं केलें. परंतु एकानेंही राजधानी हालविली नाहीं, कीं भिंतीची रेषा आंखडून घेतली नाहीं. अखेर धुंड्या रामशहाच्या कारकिर्दींत परकोट पुरा झाला. प्रचलित काळ ग्राह्य धरिला तर आरंभापासून सांगतेपर्यंत शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. ११ किलोमीटर भिंत शंभर वर्षांत, म्हणजे सरासरीनें दरसाल ११० मीटर, जुन्या मापानें अडीचशें हातांच्याही आंत. काम इतक्या नियमितपणें चाललें असेल असें नव्हे. मधून मधून तें वर्षानुवर्षें थांबलेंही असेल. तरी या आंकड्यावरून कामाची जात कळते. अफाट दिसणारी गोष्ट थोड्या थोड्या मापानें, न सोडतां, होत गेली.

येथें सशाच्या कथेचा उपयोग लक्षांत येतो. युरोपांतील कोलोन येथील प्रसिद्ध मंदिराचें उदाहरण घ्यावें. त्याचा पाया १२४८ सालीं घातला गेला, सोळाव्या शतकांत काम बंद पडलें, आणि अपुऱ्या मनोऱ्यावर बांधकामाची यारी तशीच शेंकडों वर्षें उभी राहिली. पुढें १८१४ सालीं मूळ दर्शनी भागाच्या चर्मपत्रावरील नकाशाचा अर्धा भाग डार्मस्टाट येथें व त्यानंतर दोन वर्षांनीं उरलेला भाग पॅरिस येथें सांपडला. त्यावरहुकूम काम चालवून १८८० सालीं मंदिर पुरें झालें. हस्तलिखितांचा संग्रह करणारांनीं अभिमान बाळगावा असाच हा प्रसंग आहे. एका जुन्या कागदानें सहा शतकांपूर्वींची कल्पना पुन्हां उभी केली. चांद्याच्या गोंड राजांजवळ असा नकाशा होता कीं नाहीं, हा प्रश्न गौण आहे. त्यांजवळ कथा होती. जी रेषा दैवी शकुनानें आंखली गेली असें सर्व रयत मानते, ती बदलण्याचें कोणत्याही वारसाच्या मनांत सहसा येत नाहीं. कागद हरवतो, वाळवी खाते. मुलांस सांगितलेली गोष्ट सहसा हरवत नाहीं. माझ्या मतें सशाची कथा ही या परकोटाची सनद होती, आणि पिढ्यान् पिढ्या तिनें आंखणी जतन केली. तिला भाकड म्हणून टाकून देणारा संशोधक अर्धेंच साधन वाचतो.

दुसरें कारण कामाच्या घडणींत आहे. परकोट हें असें काम आहे कीं तें तुकड्यातुकड्यानें होतें, आणि प्रत्येक तुकडा लगेच उपयोगीं पडतो. एक वेस झाली कीं जकातीचें नाकें झालें. नदीकडची भिंत उठली कीं पुराच्या पाण्यास थोडी आडकाठी झाली. एक बुरूज झाला कीं चौकीची जागा झाली. मधल्या पिढीस आपल्या श्रमाचें फळ आपल्या डोळ्यांदेखत मिळत गेलें. सगळें पुरें होईपर्यंत कांहींच हातीं लागणार नाहीं, असें जें काम असतें तें मधल्या पिढ्यांच्या उत्साहावर चालत नाहीं.

हें दुसऱ्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. परकोटाच्या दक्षिणेस लालपेठ-बाबूपेठ भागांत उघड्यावर अखंड पाषाणाच्या प्रचंड मूर्ति आहेत. जुन्या वर्णनांत त्यांची संख्या सोळा दिली आहे. दुर्गा, गणपति, नंदी, शिवलिंग इत्यादि त्यांत आहेत. सर्वांत मोठी जी दुर्गा, ती सुमारें पंचवीस फुटांची आहे. परंपरा अशी कीं, रायप्पा नांवाच्या एका धनाढ्य कोमटी व्यापाऱ्यानें येथें शंकराचें अपूर्व देवालय बांधण्याचा संकल्प केला. त्याकरितां मूर्ति घडविल्या. परंतु देवालय उभें राहण्यापूर्वींच त्यास मृत्यु आला व काम जागच्या जागीं राहिलें. लोकांत हें स्थळ ‘अपूर्ण देवालय’ म्हणूनच ओळखिलें जातें.

रायप्पाची कल्पना खांडक्याच्या कल्पनेहून कमी धाडसाची होती, असें कोणी म्हणूं नये. एका खाजगी व्यापाऱ्यानें पंचवीस फुटांपर्यंतच्या मूर्ति घडवून त्यांस शोभेल एवढें देवालय मनांत आणावें, हें राजासही साजेल असें धैर्य आहे. पैसा होता, कारागीर होते, आणि मूर्ति पुऱ्या होईपर्यंत चिकाटीही होती. मग उणें काय पडलें? आयुष्य संपलें, हें वरवरचें उत्तर झालें. आयुष्य खांडक्याचेंही संपलेंच. माझ्या मतें उणीव दोन ठिकाणीं होती. एक, काम शेवटाकडून सुरू झालें. देवालयांत जी वस्तु सर्वांत शेवटीं प्रतिष्ठित व्हावयाची, ती आधीं व सर्वांत मोठी घडली. जोतें, भिंती व शिखर, म्हणजे जें रोजच्या रोज थोडें थोडें वाढलें असतें, तें मागें राहिलें. देवालयाविना मूर्तींची पूजा लागेना, आणि मूर्तींच्या मापामुळें लहान देवालय चालेना. दुसरी उणीव, ती रेषा रायप्पाच्या डोक्यांत होती. जमिनीवर नव्हती, कथेंत नव्हती. त्याच्यामागून येणारास ‘येथें गाभारा, येथें मंडप’ असें दाखविणारें कांहींच उरलें नाहीं. म्हणून त्याची कथा सांगतां येते, पण त्याचें काम हातीं धरतां येत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. राजाच्या हातीं सत्ता असते; वेठ घेतां येते; वारस असतात. एका व्यापाऱ्याची त्याच्याशीं तुलना काय? भिंतीचा दगड ज्यांनीं वाहिला त्यांचीं नांवें कोणत्याही यादींत नाहींत, हें खरेंच आहे, व त्याचें विस्मरण होऊं नये. पण सत्ता हें पुरेसें उत्तर नाहीं. सत्ताधीशांनीं आरंभून टाकून दिलेलीं नगरें हिंदुस्थानांत थोडीं नाहींत. वारस असणें ही तर दुधारी गोष्ट आहे. वारसास स्वतःची कल्पना असते, स्वतःच्या नांवाची हौस असते. पांच कारकिर्दींतील राजांनीं दुसऱ्याच्या डोक्यांतून निघालेली रेषा आपली मानली, हीच या इतिहासांतील अवघड गोष्ट आहे, आणि तिचें कौतुक कोणत्याही दंतकथेनें केलेलें नाहीं. दंतकथेंत ससा आहे, कुत्रा आहे, राजा आहे, राणी आहे. धुंड्या रामशहा नाहीं.

दुसराही आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. पुरें झालेलें काम टिकलें तरी किती? भोसल्यांनीं १७५१ सालीं हें राज्य खालसा केलें, तेव्हां परकोट उभाच होता. पुढें १८१८ च्या मे महिन्यांत कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेनें तोफांनीं भिंतीस खिंडार पाडून नगर घेतलें. किल्लेदार गंगासिंग त्या लढाईंत पडला. ज्या कामास शंभर वर्षें लागलीं तें तोफांपुढें थोडे दिवसही टिकलें नाहीं. तेव्हां सांगता म्हणजे अमरत्व नव्हे, हें उघड आहे. पण ज्या नगरासाठीं भिंत आंखली तें नगर मात्र राहिलें. राज्य गेलें, तोफा आल्या, कोळशाच्या खाणी आल्या. चंद्रपूर हाललें नाहीं. ‘येथून आतां हालावयाचें नाहीं’ ही मूळ कल्पना त्या अर्थानें खरोखरच सिद्धीस गेली.

या कथेस अलीकडची एक पुरवणी आहे. परकोटावर झाडेंझुडपें माजलीं, बुरूज मातींत व कचऱ्यांत बुजून गेले. तेव्हां २०१७ सालीं चंद्रपूरच्या ‘इको-प्रो’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनीं भिंत साफ करण्याचें काम हातीं घेतलें. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यांतील वास्तूवर दररोज सकाळीं थोडें थोडें काम करावयाचें, अशी त्यांची रीत होती. आणि दोनशें दिवसांहून अधिक काळ तें अखंड चालल्याची दखल त्याच वर्षीं पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील भाषणांतही घेतली. गोंड राजांनीं जशी भिंत उभी केली, तशीच ती या लोकांनीं उघडी केली: एकच काम, एकच रेषा, रोजचा थोडा हिस्सा.

संग्राहक व संशोधक यांस या दोन उदाहरणांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. आपणांपैकीं अनेकांच्या पेट्यांत अर्ध्या नकललेल्या पोथ्या, तीन परगण्यांपर्यंत येऊन थांबलेल्या शिलालेखांच्या याद्या व ‘पुढें चालू’ म्हणून सोडलेलीं टिपणें पडून आहेत. त्यांतील कित्येकांचा आरंभ लालपेठेच्या पद्धतीचा असतो. भव्य प्रस्तावना आधीं घडते व जोतें राहून जातें. ज्यानें पहिल्या दिवशींच कामाची रेषा दुसऱ्यास दिसेल अशी कागदावर आंखून ठेविली, त्याचें काम त्याच्यामागून कोणी तरी पुरें करील, अशी आशा धरितां येते.

एक सूचना करून लेख संपवितों. स्थलवर्णनाचीं टिपणें करितांना ‘कोणीं बांधिलें’ असा एक रकाना आपण ठेवितों. त्याच्या शेजारीं ‘कोणीं पुरें केलें’ असा दुसरा रकाना ठेवावा. पुष्कळ ठिकाणीं तो रिकामा राहील. पण चांद्याच्या पानावर त्यांत धुंड्या रामशहा हें नांव लिहितां येईल. आणि एवढें तरी त्याचें देणें आपल्यावर आहे.